बिलाचा फॉर्म प्रत्येक स्क्रीनवर नीट कसा बसवायचा? (व्हिज्युअल बेसिक: अँकर, डॉक आणि टेबल लेआउट)



किराणा-भुसार दुकानाच्या बिलाचा फॉर्म आपण व्हिज्युअल बेसिकमध्ये बनवला. मालाची यादी आली, जीएसटीची बेरीज आली, उधारीची नोंदही आली. आजच्या भागात आपण एकच काम करणार आहोत. विंडो लहान-मोठी झाली की आतली बटणं, रकाने आणि तक्ता यांनी आपली जागा आपोआप कशी धरायची, ते बघणार आहोत. व्हिडिओत सगळं माउसने करून दाखवलं आहे. इथे त्याच पायऱ्या, त्यामागची कारणं आणि आकडे लिहून देतो, म्हणजे समोर ठेवून करता येईल. आज कोडची एकही ओळ लिहायची नाही.

हे का शिकायचं?

आपल्या मुळशी तालुक्याची गंमत बघा. हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच तालुक्यात. तिथे एकेका टेबलावर दोन-दोन मॉनिटर असतात. आणि याच तालुक्यातल्या पौड, पिरंगुट, घोटवड्याच्या दुकानांत एकच जुना लॅपटॉप बिल करतो, माल मागवतो आणि संध्याकाळी पोरांना अभ्यासालाही लागतो. त्यामुळे फॉर्म ज्या स्क्रीनवर बनला, त्याच स्क्रीनवर वापरला जाईल असं आपल्याकडे धरून चालता येत नाही.

आता हे उदाहरण बघा. फॉर्म घरच्या मोठ्या मॉनिटरवर बनवला, १९२० बाय १०८० चा. छान ऐसपैस. दुकानात मात्र १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा तर इन्व्हर्टरवर तेवढाच चालतो. तिथे फॉर्म उघडला की तळाचा भाग कापला जातो. तळाला काय होतं? ‘जमा’ आणि ‘बाकी’ हे दोन रकाने. गिऱ्हाइकाने ३,२०० रुपयांच्या बिलापैकी २,००० रोख दिले. काउंटरवरच्या माणसाला ‘जमा’चा रकाना दिसलाच नाही. त्याने एंटर दाबत दाबत बिल जतन केलं. महिन्याच्या शेवटी गिऱ्हाइकाला निरोप गेला: बाकी ३,२०० रुपये.

हिशोबात चूक नव्हती. बेरीज बरोबर, जीएसटी बरोबर. फक्त एक रकाना स्क्रीनच्या बाहेर होता. पण गावात चार लोकांसमोर दिलेले पैसे परत मागितले गेले, तर तो माणूस ‘सॉफ्टवेअरची चूक’ म्हणत नाही. दुकानदाराने लबाडी केली असं म्हणतो. म्हणून हा विषय फक्त फॉर्म देखणा करण्याचा नाही.

आधी एक प्रश्न, मग माउसला हात

बरेच जण फॉर्मचा आकार बदलला की उंची-रुंदीचं गणित करायला बसतात. फॉर्म दीडपट झाला, म्हणून बटण दीडपट करा, रकाना दीडपट करा. तसं करू नका. दीडपट ‘जतन करा’ बटणाने काम दीडपट होत नाही. नुसती जागा वाया जाते.

त्याऐवजी फॉर्मवरच्या प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारा: खिडकी मोठी झाली तर तू काय करणार? उत्तरं तीनच आहेत.

१. जागेवर बसणार. उदाहरणार्थ, ‘ग्राहकाचे नाव’ हे लेबल.
२. सरकणार, पण आकार तोच ठेवणार. उदाहरणार्थ, कोपऱ्यातलं बटण किंवा बेरजेचा चौकोन.
३. वाढणार. उदाहरणार्थ, मालाचा तक्ता.

कागद घ्या आणि फॉर्मचं चित्र काढून प्रत्येक वस्तूपुढे ‘बसणार’, ‘सरकणार’, ‘वाढणार’ यापैकी एक शब्द लिहा. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात. एक नियम पाळा: उभ्या दिशेला शक्यतो एकच वस्तू वाढू द्या. बिलाच्या फॉर्ममध्ये ती वस्तू म्हणजे मालाचा तक्ता, कारण जास्त जागा मिळाली तर तिचा खरा उपयोग तिथेच आहे. जास्त ओळी दिसतात.

अँकर म्हणजे काय?

कुठलंही कंट्रोल निवडा आणि एफ ४ दाबा. प्रॉपर्टीजची खिडकी उघडेल. त्यात ‘अँकर’ शोधा. बाणावर क्लिक केलं की एक छोटं चित्र येतं, मधे चौकोन आणि चार बाजूंना चार पट्ट्या. करडी भरलेली पट्टी म्हणजे ती बाजू बांधलेली आहे.

जून लागायच्या आधी आपण ताडपत्री बांधतो, तसं समजा. पट्टी भरली म्हणजे कंट्रोलच्या त्या बाजूपासून भिंतीपर्यंत ठरावीक लांबीची दोरी बांधली. दोरीची लांबी कधीच बदलत नाही. आता भिंत सरकवून बघा:

– वर आणि डावीकडे बांधलं (हे आधीपासूनच असतं): कंट्रोल जागेवर बसतं. उजवी भिंत कुठेही गेली तरी त्याला फरक पडत नाही. म्हणूनच काहीही न करता फॉर्म मोठा केला की सगळा संसार डाव्या कोपऱ्यात गोळा झालेला दिसतो.
– खाली आणि उजवीकडे बांधलं: कंट्रोल उजव्या-खालच्या कोपऱ्याबरोबर सरकतं. आकार तोच राहतो.
– वर, डावीकडे आणि उजवीकडे बांधलं: दोन्ही बाजूंच्या दोऱ्या पक्क्या, म्हणून कंट्रोलच आडवं ताणलं जातं.
– चारही बाजूंना बांधलं: आडवं आणि उभं, दोन्हीकडे वाढतं.
– कुठेच बांधलं नाही: कंट्रोल अधांतरी राहतं. जेवढी जागा वाढली त्याच्या निम्मं सरकतं. लॉगिनचा छोटा चौकोन मधोमध ठेवायला हे उपयोगी आहे.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. दोरी फॉर्मला बांधलेली नसते, कंट्रोल ज्याच्या आत आहे त्याला बांधलेली असते. तक्ता एखाद्या पॅनलच्या आत असेल आणि पॅनल स्वतःच वाढत नसेल, तर तक्त्याला चारही बाजूंनी बांधून उपयोग नाही. ‘अँकर दिला तरी काहीच होत नाही’ अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. आधी बाहेरचं भांडं वाढवा, मग आतली वस्तू.

अँकर कुठे अडतो?

एकाच ओळीत दोन रकाने शेजारी-शेजारी आहेत: ‘नाव’ आणि ‘पत्ता’. दोघांनाही डावी-उजवी बाजू बांधली. आता फॉर्म २०० पिक्सेलने रुंद केला. ‘नाव’ २०० ने वाढलं, ‘पत्ता’ही २०० ने वाढला, पण जागा एकूण २०० च वाढली होती. त्यामुळे ‘नाव’ जाऊन ‘पत्त्या’वर चढतं. दोघांनी १००-१०० वाटून घ्यावेत हे अँकरला कळत नाही. प्रत्येक जण फक्त आपली दोरी बघतो. वाटणी करायची असेल तर टेबल लेआउट पॅनल लागतं. ते पुढे येईल.

आता प्रत्यक्ष फॉर्म

आधी प्रोजेक्टच्या पूर्ण फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. ही सवय लावून घ्या.

पायरी १: फॉर्मचे तीन मजले करा. टूलबॉक्समधून एक पॅनल घ्या आणि त्याचं ‘डॉक’ टॉप करा, उंची ९०. दुसरं पॅनल घ्या, ‘डॉक’ बॉटम, उंची १८०. सगळ्यात शेवटी तिसरं पॅनल घ्या, ‘डॉक’ फिल. डॉक म्हणजे एखाद्या कडेला पूर्ण चिकटणं, आणि फिल म्हणजे उरलेली सगळी जागा घेणं. वरचा मजला ग्राहकाचा, मधला मालाचा, खालचा पैशांचा. वरच्या आणि खालच्या मजल्यांची उंची ठरलेली आहे, त्यामुळे उरेल ते सगळं मालाच्या तक्त्याला मिळतं.

क्रम महत्त्वाचा आहे. फिलवालं पॅनल वरच्या पॅनलखाली घुसलेलं दिसलं, म्हणजे तक्त्याचं शीर्षकच दिसत नसेल, तर त्या फिलवाल्या पॅनलवर उजवं क्लिक करून ‘ब्रिंग टू फ्रंट’ करा. सगळ्यात मागे असलेल्याला जागा आधी मिळते आणि सगळ्यात पुढे असलेल्याला शेवटी. फिलला उरलेली जागा घ्यायची असते, म्हणून तो पुढेच हवा.

फॉर्मच्या ‘पॅडिंग’मध्ये ८ टाका. नाहीतर सगळं कडांना चिकटून बसतं. आणि लक्षात ठेवा, एका कंट्रोलला अँकर आणि डॉक एकत्र चालत नाहीत. जे शेवटी दिलं तेच लागू होतं.

पायरी २: जुनी कंट्रोल्स पॅनलमध्ये न्या, पण कट-पेस्ट करू नका. माउसने ओढून पॅनलवर सोडा. व्हिज्युअल बेसिकमध्ये बटण कट केलं की त्याच्या क्लिकच्या कोडशी असलेली जोडणी सुटते. नंतर बटण दिसतं, दाबता येतं, पण काहीच होत नाही. कोड तिथेच असतो, म्हणून चूक शोधायला वेळ जातो. ओढून नेलं तर जोडणी टिकते. फॉर्म फार गर्दीचा असेल तर व्ह्यू मेनूतल्या ‘अदर विंडोज’मध्ये ‘डॉक्युमेंट आउटलाइन’ आहे. तिथे यादीतल्या यादीत ओढता येतं.

पायरी ३: वरचा मजला टेबलात बसवा. वरच्या पॅनलमध्ये टेबल लेआउट पॅनल टाका, डॉक फिल, चार स्तंभ आणि दोन ओळी. पहिल्या ओळीत ‘ग्राहकाचे नाव’ आणि त्याचा रकाना, मग ‘बिल क्र.’ आणि त्याचा रकाना. दुसऱ्या ओळीत ‘मोबाईल’ आणि ‘तारीख’. स्तंभांची मापं अशी द्या:

– पहिला स्तंभ: ऑटोसाईज (लेबल जेवढं, तेवढी रुंदी)
– दुसरा स्तंभ: १०० टक्के
– तिसरा स्तंभ: ऑटोसाईज
– चौथा स्तंभ: ॲब्सोल्युट, १३० पिक्सेल

टेबल आधी पिक्सेलवाल्या स्तंभांना जागा देतं, मग ऑटोसाईजवाल्यांना, आणि जे उरेल ते टक्केवाल्यांत वाटतं. इथे टक्केवाला एकच आहे, म्हणून वाढलेली सगळी रुंदी ग्राहकाच्या नावाला जाते. ती तिथेच जायला हवी. बिल क्रमांक आणि तारीख यांना रुंद होऊन करायचं काय? दोन रकान्यांना सारखं वाढवायचं असेल तर दोघांना ५०-५० टक्के द्या. वर अँकरची जी अडचण बघितली ती इथे सुटते.

आतल्या रकान्यांना अँकर डावी-उजवी द्या, म्हणजे ते आपल्या घरापुरते ताणले जातील. लेबलांना फक्त डावी बाजू द्या, म्हणजे ती उभ्या दिशेला घराच्या मधोमध बसतील आणि रकान्याच्या रेषेत दिसतील.

पायरी ४: मालाचा तक्ता. डेटाग्रिडव्ह्यू मधल्या पॅनलमध्ये, डॉक फिल. इथे बरेच जण थांबतात. मग तक्ता वाढतो, पण आतले स्तंभ तेवढेच राहतात आणि उजवीकडे मोठी करडी मोकळी जागा दिसते. तक्त्याचं माप वेगळं आणि स्तंभांचं माप वेगळं. स्तंभांना असं सांगा: क्र. ४०, एचएसएन ८०, वजन किंवा नग ७०, दर ८०, रक्कम १००. हे सगळे ठरलेले. ‘मालाचे नाव’ या एकाच स्तंभाचा ‘ऑटोसाईजमोड’ फिल करा आणि ‘मिनिममविड्थ’ १८० ठेवा. ‘आंबेमोहर तांदूळ जुना २५ किलो’ एवढं नाव पूर्ण दिसलं पाहिजे. नाव कापलं गेलं की जुना आणि नवा तांदूळ यांत गल्लत होते आणि दरात फरक पडतो.

सगळ्याच स्तंभांना फिल देऊ नका. मोठ्या मॉनिटरवर ‘क्र.’चा स्तंभ तळहाताएवढा होतो आणि लहान स्क्रीनवर ‘रक्कम’चे शेवटचे आकडे कापले जातात.

पायरी ५: पैशांचा मजला. खालच्या पॅनलमध्ये उजवीकडे टेबल लेआउट पॅनल, डॉक राइट, रुंदी २८०, दोन स्तंभ आणि सहा ओळी: एकूण, सीजीएसटी, एसजीएसटी, निव्वळ रक्कम, जमा, बाकी. डावीकडे फ्लो लेआउट पॅनल, डॉक फिल. त्यात बटणं: जतन करा, छापा, नवीन, रद्द. प्रत्येक बटणाची रुंदी ८५. इथेही फिलवालं पॅनल ‘ब्रिंग टू फ्रंट’ करून पुढे ठेवा. फ्लो लेआउटमध्ये जागा कमी पडली की शेवटचं बटण आपोआप खालच्या ओळीत जातं. गायब होत नाही. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं बटण पहिलं ठेवा.

‘जमा’ आणि ‘बाकी’ आता तळाला डॉक केलेल्या पॅनलमध्ये आहेत. विंडो लहान झाली की आधी तक्त्याच्या ओळी कमी होतात, पैशांच्या मजल्याला हात लागत नाही. वरच्या उदाहरणातला घोटाळा इथे मिटतो.

विंडो किती लहान होऊ द्यायची?

कोणीतरी विंडो ओढून काडेपेटीएवढी केली तर तक्ता शून्य उंचीचा होईल. म्हणून फॉर्मच्या ‘मिनिममसाईज’मध्ये आकडे द्यायचे. ते अंदाजाने न देता हिशोबाने काढू.

दुकानातला लॅपटॉप १३६६ बाय ७६८. पण अक्षर बारीक दिसतं म्हणून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ १२५ टक्के केलेलं असतं. वयस्कर माणूस काउंटरवर बसत असेल तर हमखास. मग फॉर्मच्या दृष्टीने स्क्रीन उरते १३६६ भागिले १.२५, म्हणजे साधारण १०९३. उंची ७६८ भागिले १.२५, म्हणजे ६१४. त्यातून तळाच्या टास्कबारचे ४० वजा केले की ५७४. विंडोज ११ मध्ये टास्कबार थोडा जाड, ४८ चा. मग उरतात ५६६. म्हणजे कमीत कमी उंची ५४० ठेवली तर दोन्हीकडे बसते.

आता रुंदी. तक्त्याचे ठरलेले स्तंभ ३७०, मालाचं नाव १८०, उभी स्क्रोलपट्टी साधारण १७, फॉर्मची पॅडिंग १६, कडा १६. बेरीज ५९९. तक्त्याच्या डावीकडचा करडा रकाना, म्हणजे रो-हेडर, बंद केला असेल तरच हा हिशोब बरोबर येतो. थोडी मोकळीक ठेवून ६७० घेऊ.

६७० च का? आजकाल ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. अर्ध्या स्क्रीनवर व्हॉट्सॲप आणि अर्ध्यावर बिल, असं काम चालतं. विंडोजचं बटण धरून डावा किंवा उजवा बाण दाबला की विंडो अर्ध्या स्क्रीनला चिकटते. १३६६ चं अर्धं ६८३. आपला ६७० चा फॉर्म त्यात बसतो. मिनिमम १००० ठेवली असती तर फॉर्म शेजारच्या विंडोवर चढला असता. १२५ टक्के स्केलवर मात्र अर्ध्यात बसणार नाही, तिथे पूर्ण स्क्रीनच वापरावी लागेल. ही मर्यादा वापरणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

६७० रुंदीवर खालच्या चार बटणांपैकी ‘रद्द’ दुसऱ्या ओळीत जातं. काही बिघडत नाही.

हातात काय आलं, ते मोजू

तक्त्याच्या ओळीची उंची २६ आणि शीर्षकाची ३० ठेवली आहे. वरचा मजला ९०, खालचा १८०, पॅडिंग १६ आणि विंडोची शीर्षकपट्टी व कडा मिळून साधारण ३९, म्हणजे ३२५ पिक्सेल ठरलेले. उरतं ते तक्त्याचं:

– मिनिमम उंची ५४०: साधारण सात ओळी
– १३६६ बाय ७६८ लॅपटॉप, स्केल १२५ टक्के: साधारण आठ ओळी
– तोच लॅपटॉप, स्केल १०० टक्के: साधारण चौदा ओळी
– १९२० बाय १०८० मॉनिटर, स्केल १०० टक्के: साधारण सव्वीस ओळी

एकच फॉर्म, एकच प्रोजेक्ट. आणि चारही ठिकाणी ‘जमा’ आणि ‘बाकी’ डोळ्यासमोर.

मराठी अक्षरांसाठी वेगळी काळजी

इंग्रजी शिकवणीतले आकडे जसेच्या तसे घेऊ नका. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात. ठरावीक उंचीच्या लेबलात ‘पूर्ण’ किंवा ‘वस्तू’ लिहिलं की उकाराचं शेपूट कापलं जातं. म्हणून लेबलाचं ‘ऑटोसाईज’ ट्रू ठेवा आणि टेबल लेआउटमधल्या ओळीही ऑटोसाईज ठेवा.

फॉर्मचा फॉन्ट सुरुवातीलाच ठरवा आणि तो फॉर्मलाच द्या, प्रत्येक कंट्रोलला वेगवेगळा नको. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट विंडोजबरोबरच येतो आणि मराठीसाठी वाचायला चांगला आहे. त्याआधीच्या मशिनवर ‘मंगल’ असतो. फॉर्मचा ‘ऑटोस्केलमोड’ फॉन्ट असा असेल, तर फॉन्ट बदलला की आतली मापंही त्या प्रमाणात बदलतात. म्हणून सगळी मापं लावून झाल्यावर फॉन्ट बदलू नका. आधी फॉन्ट, मग मापं.

दुकानात देण्याआधी तपासा

१. एफ ५ दाबून फॉर्म चालवा. कोपरा धरून हळूहळू लहान करा, मग मोठा करा. कोण कोणावर चढतं का?
२. पूर्ण स्क्रीन करा. कुठे मोठी रिकामी जागा राहिली का?
३. विंडोजचं बटण आणि बाण दाबून अर्ध्या स्क्रीनवर न्या.
४. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ आणि १५० टक्के करून पुन्हा चालवा.
५. तीस मालांचं एक लांब बिल टाका. स्क्रोलपट्टी आल्यावर ‘रक्कम’चा स्तंभ पूर्ण दिसतो का?
६. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबने पूर्ण बिल करा. कंट्रोल्स पॅनलमध्ये गेली की टॅबचा क्रम पॅनलप्रमाणे चालतो आणि आधीचा क्रम विस्कटतो. व्ह्यू मेनूतल्या ‘टॅब ऑर्डर’मध्ये तो पुन्हा लावा. तक्त्यानंतर थेट ‘जमा’ यायला हवा, मग ‘जतन करा’.

सहावी तपासणी टाळू नका. काउंटरवर गर्दी असते तेव्हा हात टॅब आणि एंटरवर चालतो. रकाना दिसत असला तरी टॅब त्याला वगळून पुढे गेला, तर ‘जमा’ पुन्हा कोराच राहणार.

जुनं सॉफ्टवेअर, ॲक्सेस आणि एक्सेल

काही दुकानांत अजून व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये बनलेले प्रोग्रॅम चालतात. ती आवृत्ती १९९८ ची. तिच्यात अँकर नव्हता. फॉर्मचा आकार बदलला की प्रत्येक कंट्रोलची जागा कोड लिहून हलवावी लागे. त्या काळी स्क्रीन बहुतेक ८०० बाय ६०० च्या, त्यामुळे कोणी फारशी तसदी घेतली नाही. तो प्रोग्रॅम आज मोठ्या मॉनिटरवर पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो, त्याचं कारण हेच. अँकर आणि डॉक २००२ मध्ये डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्सबरोबर आले. टेबल लेआउट आणि फ्लो लेआउट २००५ च्या आवृत्तीत आले.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये फॉर्म बनवत असाल, तर २००७ पासून तिथेही अँकरिंग आहे. ‘अरेंज’ टॅबवर बघा. विचार तोच, नावं थोडी वेगळी. एक्सेलच्या युजरफॉर्ममध्ये मात्र अशी सोय नाही. त्याची कड माउसने ओढताही येत नाही. तिथे फॉर्म सुरुवातीपासूनच सगळ्यात लहान स्क्रीनच्या मापाने बनवा. तोच सोपा मार्ग.

आणि ज्यांनी अजून व्हिज्युअल स्टुडिओ घेतलं नाही त्यांच्यासाठी: ‘कम्युनिटी’ आवृत्ती एकट्या माणसाला मोफत आहे आणि लहान संस्थेत पाच जणांपर्यंत मोफत वापरता येते. चोरीची प्रत वापरायची काही गरज नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा सध्याचा फॉर्म उघडा आणि कागदावर प्रत्येक वस्तूपुढे ‘बसणार’, ‘सरकणार’ किंवा ‘वाढणार’ लिहा. मग एक गोष्ट वेगळ्या रंगाने गोल करा: असा रकाना, जो दिसला नाही तर कोणाचे तरी पैसे चुकतात. किराणा दुकानात तो ‘जमा’ असेल, दूध संकलनात ‘फॅट’, वर्कशॉपमध्ये ‘ॲडव्हान्स’. तो रकाना डॉक केलेल्या पॅनलमध्ये बसवा आणि सगळ्यात लहान स्क्रीनवर, सगळ्यात मोठ्या स्केलवर तो दिसतो का ते बघा. तेवढं जमलं की बाकीची मांडणी सवडीने करता येते.

पुढच्या भागात हेच बिल थर्मल प्रिंटरच्या ८० मिलिमीटर कागदावर नीट कसं छापायचं ते बघू. तोपर्यंत सराव करा. आणि दुकानातल्या लॅपटॉपवर करा, घरच्या मॉनिटरवर नको.